घाट चढण्यापूर्वी रेडिएटरमधील हवा काढा
(महाड-पोलादपूर भागातील शेतकऱ्यांपुढे केलेले भाषण)



माझा विषय कृषिविद्या. भाताची लावणी आणि खतांच्या मात्रा यांवर मी नेहमी बोलतो. आज मात्र तुमचा माल वाहणाऱ्या गाडीविषयी बोलणार आहे. माल वेळेवर बाजारात पोचला नाही, तर वर्षभराची मेहनत वाया जाते. आपल्याकडून देशावर जायचे म्हणजे घाट आलाच. पोलादपूरहून महाबळेश्वरला आंबेनळी आणि महाडहून भोरला वरंधा. भरलेली गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढते तेव्हा इंजिनावर भार सर्वांत जास्त असतो आणि रेडिएटरला समोरून वारा कमी मिळतो.

माझ्या परिचयाच्या एका बागायतदाराने गेल्या उन्हाळ्यात आंब्याच्या पेट्या भरून पिकअप आंबेनळी घाटात घातली. कूलंट आदल्याच दिवशी बदलले होते. अर्ध्या घाटात इंजिन उकळले. त्यांनी घाईने झाकण उघडले आणि हात भाजून घेतला. इंजिनाचे हेड वाकले आणि आंबा उन्हात राहिला. कूलंट नवे होते, टाकीही भरलेली दिसत होती. फक्त आत अडकलेली हवा काढली नव्हती.

हवा का अडते?

डोंगरातल्या झऱ्याचे पाणी तुम्ही पाइपाने वाडीत आणता. पाइप मध्येच उंचवट्यावरून गेला की तेथे हवा धरते आणि वर पाणी असूनही खाली धार येत नाही. इंजिनात हेच घडते. कूलंट ओतताना उंच जागी हवा अडकते. वॉटर पंपात हवा आली की तो पाणी ढकलत नाही. जेथे हवा असते तेथील उष्णता बाहेर निघत नाही. तापमान दाखवणारा सेन्सरच हवेत आला, तर काटा खरे तापमान दाखवीत नाही.

हवा काढण्याची पद्धत

1. इंजिन पूर्ण थंड असावे. गाडी मोकळ्या जागी, पुढची चाके थोडी उंच राहतील अशी लावावी. हँडब्रेक ओढून चाकांना दगड लावावेत. भरण्याचे तोंड सर्वांत उंच राहिले म्हणजे हवा तिकडे येते.

2. जुने कूलंट बादलीत काढून मोजावे. गाडी आधी पूर्ण भरलेली असेल आणि 6 लिटर निघून 4.5 लिटरच आत गेले, तर उरलेल्या जागेत हवा आहे असे समजावे.

3. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले कूलंटच वापरावे. सर्वसाधारणपणे कूलंट व डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे घेतात. तयार मिश्रणात पाणी घालू नये. बोअरच्या पाण्यातील क्षार आत थर धरतात.

4. गाडीत हीटर असल्यास त्याची कळ गरमवर ठेवावी. हवा काढण्याचा स्क्रू असल्यास तो सैल करावा. कूलंट बारीक धारेने ओतावे व वरचा होज पाइप हाताने दाबत राहावे. स्क्रूतून बुडबुड्यांशिवाय धार आली की तो घट्ट करावा.

5. झाकण उघडे ठेवून इंजिन सावकाश चालू ठेवावे. थर्मोस्टॅट साधारण 80 ते 90 अंश सेल्सिअसला उघडतो. तेव्हा वरचा होज पाइप गरम होतो, बुडबुडे येतात आणि पातळी खाली जाते. तेवढी भर घालावी. पंखा व पट्ट्यापासून हात आणि कपडे दूर ठेवावेत. विजेचा पंखा अचानक सुरू होतो.

6. बुडबुडे थांबले की झाकण घट्ट लावावे. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, पातळी पुन्हा पाहून खुणेपर्यंत भरावे. मगच गाडीत माल भरावा.

काही गाड्यांत रेडिएटरला झाकण नसते, दाबाची टाकी असते. त्यांना पुस्तिकेतील पद्धत लागू करावी.

हवा राहिल्याची लक्षणे

डॅशबोर्डमागे खळखळ ऐकू येते, काटा वरखाली होतो किंवा हीटरमधून गार वारा येतो. पुन्हा पुन्हा हवा काढूनही बुडबुडे थांबत नसतील, तर हेड गॅस्केट फुटलेले असू शकते. मग भर घालत बसू नये, गाडी मेकॅनिककडे न्यावी.

हे करू नये

महाबळेश्वर सुमारे 1,350 मीटर उंचीवर आहे. तेथे उघडे पाणी 95 अंशांच्या आसपासच उकळते. बंद रेडिएटरात दाबामुळे ते त्याहून बरेच तापूनही उकळत नाही. झाकण उघडताच दाब जातो आणि उकळते पाणी अंगावर उडते. म्हणून घाटात काटा लाल रेषेकडे गेला की गाडी कडेला घ्यावी, इंजिन बंद करावे आणि ते पूर्ण थंड होईपर्यंत झाकणाला हात लावू नये. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतल्यास हेडला तडा जातो. "आपल्याकडे थंडी नाही" म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकू नये.

काढलेले कूलंट गोठ्याजवळ, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. त्यात बहुधा इथिलीन ग्लायकोल असते. ते चवीला गोड पण विषारी आहे. गुरे, कुत्री आणि लहान मुले यांच्यापासून ते दूर, झाकून ठेवावे व गॅरेजात द्यावे.

पंप सुरू करण्यापूर्वी तुम्ही त्यात पाणी भरून हवा घालवताच. गाडीच्या बाबतीतही तेवढीच काळजी घ्यावी. त्यासाठी तास-दीड तास मोडेल, पण माल आणि माणूस दोन्ही सुखरूप घाटमाथ्यावर पोचतील.