दोनशे ब्याऐंशी मार्क

(पुण्यात पर्वतीच्या पायथ्याच्या एका वस्तीत, अभ्यासिकेत आठवी ते बारावीच्या पोरापोरींसमोर आणि कार्यकर्त्यांसमोर केलेलं भाषण)



मला विषय दिला होता 'अभ्यास कसा करावा'. त्यावर मी बोलणार नाही. अभ्यास कसा करावा हे सांगणारे टिळक रोडला पैशाला पासरी मिळतात. मला बोलायचंय ते वेगळं. आयआयटी, एम्स, आपल्या पाषाणचं आयसर, या दारांपर्यंत पोराला पोचवायची तयारी कोण करून देतं? दारावरून परत आलेल्या आपल्या पोराला लोक म्हणतात, तू कमी पडलास. आणि साला आपणही मान खाली घालून म्हणतो, हो, कमी पडलो. कशात कमी पडलो, हे कुणी विचारत नाही.

सन १९०७ घ्या. परळच्या चाळीतली एक खोली. तिथंच चूल, तिथंच जळण, तिथंच जातं, आणि शेळीही तिथंच बांधलेली. त्या जात्याजवळ भीमराव झोपायचे. रामजीबाबा रात्री दोनपर्यंत जागे राहायचे, पोराला उठवायचे आणि मग स्वतः पाठ टेकायचे. पोरानं पुस्तक मागितलं आणि खिशात पैसा नसला, की म्हातारा लेकीकडं जायचा, तिचा दागिना मागून आणायचा, गहाण टाकायचा आणि पेन्शन आली की सोडवून परत द्यायचा. एल्फिन्स्टन हायस्कूलात संस्कृत शिकायची इच्छा होती, शिकवलं नाही, फारसी घ्यावी लागली. एवढं करून मॅट्रिकला मार्क किती? ७५० पैकी २८२.

दोनशे ब्याऐंशी! शेकडा साडेसदतीसच्या जरा वर.

आज आयआयटीला बारावीत ७५ टक्के लागतात, आपल्याला ६५, नाहीतर बोर्डातल्या वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये तरी नाव लागतं. तेव्हाची मॅट्रिक वेगळी, मार्क द्यायची रीत वेगळी, हे मला कळतं. हिशेब सरळ लागत नाही. पण नुसता आकडाच बघणाऱ्याच्या हातात तो कागद दिला असता तर त्यानं काय केलं असतं, बोला? केळुस्कर गुरुजींनी आकडा बघितला नाही. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारं पोर त्यांनी हेरलं, पुस्तकं दिली, सयाजीरावांपर्यंत नेलं. १९१२ ला बी.ए., १९१३ ला बडोद्याच्या स्कॉलरशिपवर कोलंबिया, १९२३ ला लंडनची डी.एस्सी. बुद्धी त्यांचीच. कष्ट त्यांचेच. पण जागणारा बाप होता, दागिना काढून देणारी बहीण होती, दार दाखवणारा गुरुजी होता, पैसा देणारा राजा होता. गुणवत्ता गुणवत्ता म्हणतात तिच्यात एवढी माणसं राबलेली असतात. ती हिशेबात धरायची नाहीत, असा प्रस्थापितांचा कायदा आहे.

त्यांच्या घरात ही माणसं जन्मापासून असतात, किंवा पैशानं आणतात. आठवीपासून क्लास. अकरावीला कॉलेजात नाव नुसतं नावापुरतं, पोरगं दिवसभर क्लासात. एवढं उघड, की २०१८ मध्ये सरकारला पुण्या-मुंबईच्या सायन्सच्या ज्युनियर कॉलेजांत बोटाचा ठसा घेऊन हजेरी लावायचा आदेश काढावा लागला. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रानं सोळा वर्षांखालच्या पोरांना क्लासात घेऊ नका, असं सांगितलं. सांगितलं खरं.

आता माझं ऐका. मी महापालिकेच्या मराठी शाळेतला. दहावीला विज्ञानात मार्क चांगले. अकरावी सायन्सला एका नाव असलेल्या कॉलेजात नंबर लागला, आईनं चाळीत पेढे वाटले. पहिल्याच आठवड्यात सर फळ्यावर 'ॲक्सिलरेशन, ॲक्सिलरेशन' करायला लागले. मी वहीत उतरवत होतो आणि घामाघूम होत होतो. तीन आठवड्यांनी कळलं, की हे तर त्वरण! त्वरण मला पाठ होतं, झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण तीन आठवड्यांत वर्ग पुढं गेला होता. उठून विचारायची हिंमत नव्हती. दिवाळीला मी सायन्स सोडलं आणि आर्ट्सला गेलो. घरी सांगितलं, मला आवडत नाही. आजपर्यंत आईला तेच खरं वाटतं.

माझी हार एका शब्दानं झाली. आज जेईई मेन २०२१ पासून मराठीतही देता येते. चांगलं झालं. पण पुढची ॲडव्हान्स्ड, जिच्यावर आयआयटीची जागा ठरते, ती फक्त इंग्रजीत आणि हिंदीत. ती दोनदाच देता येते, तीही लागोपाठच्या दोन वर्षांत. म्हणून आठवीच्या पोरांनो, आजपासून वही करा. डाव्या बाजूला त्वरण, उजव्या बाजूला ॲक्सिलरेशन. डाव्या बाजूला अपवर्तन, उजव्या बाजूला रिफ्रॅक्शन. मराठी खोडायची नाही, तिच्यातच तुम्हाला कळलंय. दहावीपर्यंत तीनशे शब्द झाले तरी अकरावीचा सर तुम्हाला घाबरवू शकणार नाही. एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तकं मोबाइलवर फुकट उतरतात. परीक्षा त्यांच्यावरच बेतलेली असते. क्लासवाले हे सांगत नाहीत.

आता कागद. इथं कार्यकर्त्यांनी कान द्या, हे पोरांचं काम नाही. जातीच्या दाखल्याला आपल्याला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा लागतो. आजा इथं कधी आला, गाव कुठलं, कुणाला ठाऊक असतं? नदीकाठच्या कित्येकांची कागदं १२ जुलै १९६१ ला पानशेतच्या पाण्यात गेली. मग आजाच्या गावच्या शाळेत जाऊन प्रवेश-निर्गम उतारा काढा. आजा शाळेत गेलाच नसेल, तर तहसिलीत कोतवाल बुकाची नक्कल मागा, गाव नमुना चौदा. जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच टाका. बारावीच्या जूनमध्ये धावणारे बाप मी बघितलेत.

आणि केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा काढा. त्याची कथा मोठी आहे. १९७३ ला आयआयटीत आपल्या जागा राखीव झाल्या, पण १९५६ ला दीक्षा घेतलेल्या बौद्धाचं पोर केंद्राच्या लेखी अनुसूचित जातीतच नव्हतं. कायदा बदलला १९९० ला. तोवर कित्येक घरांनी बुद्धवंदना घरात म्हटली आणि कागदावर हिंदू महार ठेवलं. त्यांना नावं ठेवू नका.

पैशाचंही तसंच. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या मुजफ्फरनगर जिल्ह्यातला अतुल कुमार, मजुराचा पोरगा, शेवटच्या संधीत पास झाला, आयआयटी धनबादला जागा मिळाली. मुदतीत भरायचे होते १७,५०० रुपये. गोळा होईतो मुदत संपली, जागा गेली. ३० सप्टेंबरला सुप्रीम कोर्टानं ती परत द्यायला लावली. आयआयटीत आपल्या पोरांना २०१६ पासून शिकवणीची फी पूर्ण माफ आहे, पण आत जायच्या उंबऱ्यावर २०२४ ला सतरा हजार लागले, ते चार दिवसांत. जयंतीच्या वर्गणीतून या वस्तीत किती जमतात, मला आकडा नका सांगू, तुम्हाला माहीत आहे. डीजेची एक रात्र कमी करा.

आपल्यातलेच काही म्हणतात, कशाला ही उठाठेव, पोरगं आयआयटीला जातं, साहेब होतं, कोथरूडला फ्लॅट घेतं, वस्तीकडं फिरकत नाही. खरं आहे. १८ मार्च १९५६ ला आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांनी दगा दिल्याचं दुःख बोलून दाखवलं होतंच. पण ज्याला वस्तीनं काही दिलंच नाही, त्यानं फिरकायचं कशाला? एकट्यानं चढलेला एकटाच राहतो.

आत गेल्यावर पहिला प्रश्न येईल, रँक किती? ही जात विचारायची नवी तऱ्हा आहे. २०२३ मध्ये आयआयटी मुंबईला लेखी सांगावं लागलं, की विद्यार्थ्यांनी एकमेकांना रँक विचारू नये. विचारतात म्हणूनच सांगावं लागलं ना? आपल्या पोरीनं-पोरानं तिथं एकटं बसू नये, म्हणून आधी गेलेल्यांचे फोन नंबर आपल्याकडं पाहिजेत. तेही तयारीतच धरा.

शेवटचं, पोरींचं. ही अभ्यासिका रात्री अकरापर्यंत उघडी असते. मी मघाशी रजिस्टर बघितलं. साडेसातनंतर एकाही पोरीची सही नाही. पाणी येतं तेव्हा, भाकरीची वेळ तेव्हा, आणि परतताना बोळात उभे राहणारे आपलेच भाऊ. सकाळी पाच ते आठ ही खोली फक्त पोरींची ठेवा. किल्ली एखाद्या मावशीकडं द्या, पोरांकडं नको.

येत्या रविवारी दहा वाजता मी इथंच बसतो. ज्याच्या घरात आठवीच्या पुढचं पोर आहे, त्यानं आजाचा असेल-नसेल तो कागद घेऊन यावा. फाटका असला तरी आणा. वह्या मी आणतो.