संशोधकाची पुंजी आणि ग्रंथालय

(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या घरांतील मुले-मुली आता पदवीवर न थांबता पीएच.डी.कडे वळू लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. म्हणूनच एका दुर्लक्षित विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो.

माझ्या ओळखीच्या एका मुलीने नवी मुंबईतील कोळीवाड्यांत दारोदार हिंडून मासेमारी करणाऱ्या कुटुंबांची माहिती जमवली. दोन वर्षांची ती मेहनत एकाच लॅपटॉपमध्ये होती. प्रवासात बॅग हरवली. लॅपटॉप नवा घेता आला. पण ज्या वृद्ध कोळणींनी उत्तरे दिली होती, त्यांतल्या काही तोवर हयात नव्हत्या. "ग्रंथालयात कधी सल्ला विचारलास का?" असे मी विचारले. ती म्हणाली, "सर, तिथे तर पुस्तके मिळतात ना?"

हा गैरसमज पुष्कळांचा आहे. संशोधकाने जमवलेली आधारसामग्री, म्हणजे आजच्या भाषेत डेटा, नीट लावणे आणि जपणे हे ग्रंथपालाच्याच विद्येचे काम आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे यांनी संस्कृत महाकोशाचे काम सुरू केले. सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द टिपून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. पहिला खंड छापायला १९७६ साल उजाडले. टिपणारे गेले, पण चिठ्ठ्या आजही उपयोगी पडतात. कारण शब्द कोणत्या ग्रंथातून आणि कोठून घेतला, हे तिथेच नोंदलेले आहे. ती नोंद नसती, तर ती रद्दीच ठरली असती.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनुसार प्रबंधाची संगणकीय प्रत देणे बंधनकारक झाले. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा' भांडारात असे प्रबंध सर्वांना वाचता येतात. पण प्रबंध हे फळ झाले. बियाणे म्हणजे मूळ प्रश्नावल्या, मोजमापे, मुलाखती. तीही जपली पाहिजेत. युरोपातील सर्न या संस्थेने २०१३ साली सुरू केलेल्या 'झेनोडो' भांडारात ती विनामूल्य ठेवता येतात.

सर्वच ग्रंथालयांत ही मदत सारखी मिळत नाही. पण मागणी झाल्याशिवाय सोय होत नाही. विद्यार्थ्यांनो, कामाच्या पहिल्याच दिवशी ग्रंथपालांना भेटा. फाइलींना नावे कशी द्यावीत, तारीख कुठे घालावी, कोणत्या खुणेचा अर्थ काय याचा तक्ता कसा करावा, हे विचारा. माहिती देणाऱ्यांची नावे उत्तरांपासून वेगळी ठेवा. त्यांनी विश्वासाने दार उघडलेले असते. प्रती तीन करा, दोन प्रकारच्या साधनांवर ठेवा आणि एक प्रत दुसऱ्या जागी असू द्या. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा पुरात एकाच कपाटातल्या तिन्ही प्रती एकदमच भिजतात.

पालकहो, 'मार्क किती मिळाले?' हे आपण नेहमी विचारतो. यापुढे, 'बेटा, तुझ्या कामाची दुसरी प्रत कुठे आहे?' एवढेही विचारत जा. त्यासाठी स्वतः शिकलेले असण्याची गरज नाही. घरातला दागिना कुठे ठेवावा, हे आपल्याला कुणी शिकवलेले नसते.