परदेशी शिक्षण आणि परतीची वाट

(शिक्षक, शासकीय अधिकारी व पंचायत सदस्य यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या विषयाचा या सभागृहाशी फारसा संबंध नाही, असे प्रथमदर्शनी वाटण्याचा संभव आहे. परदेशात शिकावयास गेलेल्या तरुणांनी मायदेशी परतावे की नाही, हा मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू घरांतला प्रश्न, अशी आपली समजूत असते. ती आता खरी राहिलेली नाही. २०२४ मध्ये १३ लाखांहून अधिक भारतीय विद्यार्थी परदेशात शिकत होते. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात एकट्या अमेरिकेत त्यांची संख्या ३ लाख ३१ हजारांच्या वर होती आणि तेथील परकीय विद्यार्थ्यांत भारतीयांचा क्रम पहिला होता. हे सारे विद्यार्थी महानगरांतून जात नाहीत. नाशिककडील द्राक्षबागाईतदार, इचलकरंजीचा यंत्रमागधारक, तालुक्याच्या गावचा माध्यमिक शिक्षक यांची मुलेमुलीही त्यांत आहेत. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या आधारे अनुसूचित जातींतील विद्यार्थी जगातील नामांकित विद्यापीठांत पोहोचत आहेत आणि त्यांपैकी कित्येकांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली ती पहिलीच व्यक्ती असते.

अशा मुलाचे वा मुलीचे शिक्षण पुरे झाले, की घरी एकच प्रश्न घोळू लागतो : आता पुढे काय? आईला वाटते, त्याने परत यावे. वडील कर्जाचा हप्ता आठवून गप्प बसतात. शेजारीपाजारी म्हणतात, तिकडेच राहील, इकडे काय ठेवले आहे? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी तुमच्या-माझ्यासारख्यांवर येते, म्हणून हा विषय मी आपल्यासमोर मांडीत आहे.

केवळ उपदेश पुरेसा नाही

परदेशी राहिलेल्यांना देशप्रेमाचे धडे देणे सोपे आहे. परंतु इतिहास पाहिला, तर परतणाऱ्याच्या मनातील ओढ जितकी महत्त्वाची, तितकेच त्याचे येथे होणारे स्वागतही महत्त्वाचे असते, असे दिसून येते.

डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेस गेल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी वैद्यकीची पदवी मिळविली. कोल्हापूर संस्थानाने तेथील आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्रीकक्षाचे काम त्यांना देऊ केले होते. त्यांच्यासाठी येथे काम वाट पाहत होते. दुर्दैवाने क्षयाने त्यांना गाठले आणि ते काम हाती घेण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, त्यांचे पुण्यात निधन झाले.

याच्या नेमका उलट अनुभव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. परतल्यावर बडोदे संस्थानाची १० वर्षे सेवा करावी, असा करार झालेला होता. १९१७ मध्ये हा करार पाळण्यासाठी ते बडोद्यास आले. पदवी होती, पद होते, महाराजांची कृपादृष्टी होती. नव्हती ती राहावयास जागा. अस्पृश्य म्हणून कोणी घर देईना. नाव बदलून एका पारशी विश्रामगृहात त्यांनी दिवस काढले आणि ओळख उघड होताच लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर कागद दुरून टाकीत. काही दिवसांतच त्यांना बडोदे सोडावे लागले. बाबासाहेबांनी देशाकडे पाठ फिरविली नाही, हा त्यांचा मोठेपणा होय. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून त्यांनी पैसे साठविले, राजर्षी शाहू महाराजांचेही साहाय्य घेतले, १९२० मध्ये अपुरे शिक्षण पुरे करण्यास ते लंडनला गेले आणि १९२३ मध्ये परत आले. परंतु प्रत्येक तरुणाकडून अशा असामान्य धैर्याची अपेक्षा धरून समाजाला आपली व्यवस्था चालविता येणार नाही. शिष्यवृत्ती देणाऱ्याने प्रवासखर्च दिला, शुल्क दिले, करारही लिहून घेतला. परतणाऱ्या माणसाला गावात घर मिळेल काय, हे मात्र कोणी पाहिले नाही. आजही शासकीय शिष्यवृत्तीवर शिकून आलेल्या तरुणाला एखाद्या शहरात आडनाव विचारून घर नाकारले जात असेल, तर १९१७ पासून आपण किती पुढे आलो, याचा विचार आपणच करावयाचा आहे.

नाइलाजाने आलेला माणूस

परतणारा प्रत्येकजण ध्येयाने भारावून येतो, असेही नाही. डॉ. व्हर्गिस कुरियन यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. सरकारी शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेतील मिशिगनला शिकले आणि करारामुळे १३ मे १९४९ रोजी आणंद येथील सरकारी दुग्धालयात रुजू झाले. त्या वेळी आणंद मुंबई प्रांतात होते. लहान गाव, मनाजोगे काम नाही. केव्हा एकदा येथून सुटका होते, अशी त्यांची मनःस्थिती होती. सुटका झालीही. तथापि, खेडा जिल्हा दूध उत्पादक संघाचे अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल यांनी त्यांना थांबण्याची विनंती केली. संघाची यंत्रे जुनी होती, शेतकऱ्यांचे दूध वाया जात होते, आणि यंत्रे जाणणारा माणूस हवा होता. कुरियन थांबले. मिशिगनमधील आपले सहाध्यायी एच. एम. दलाया यांनाही त्यांनी थांबवून घेतले. म्हशीच्या दुधाची भुकटी होऊ शकत नाही, असे परदेशी तज्ज्ञ सांगत असत. दलायांनी ती करून दाखविली आणि १९५५ मध्ये आणंद येथे तिचा कारखाना उभा राहिला.

या हकिकतीत मला त्रिभुवनदासांचे स्थान फार मोलाचे वाटते. त्यांनी तरुण अभियंत्यापुढे राष्ट्रकार्यावर व्याख्यान दिले नाही. आमची अडचण ही आहे, ती तुम्हांला सोडविता येईल काय, एवढेच विचारले. आणि काम करू दिले. आपल्या पंचायतींत, दूधसंघांत, सहकारी संस्थांत असा प्रश्न विचारणारी माणसे किती आहेत?

महाराष्ट्रालाही अशा जोडीची परंपरा आहे. केंब्रिजला शिकून आलेले अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी १९३० पासून पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेची उभारणी केली. पुढे प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी सहकारी साखर कारखाना काढला, तेव्हा त्याच्या अध्यक्षपदाची धुरा सुरुवातीच्या काळात गाडगीळांनी वाहिली. विखे पाटलांचे शालेय शिक्षण बेताचे होते. त्यांच्यापाशी माणसे जोडण्याची शक्ती होती, तर गाडगीळांपाशी हिशेब व शास्त्र होते. दोघांनी एकमेकांची गरज ओळखली, म्हणून कारखाना उभा राहिला.

काम ठरवून गेलेले

काहीजण मात्र परतण्याचे कारण जातानाच बरोबर घेऊन जातात. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन १९७० मध्ये अहमदनगर जिल्ह्यातील जामखेडला आले. त्यांनी खेड्यांतील निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. १९७९ मध्ये या कार्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग १९८४ मध्ये त्याच विद्यापीठातून शिकून परतले आणि त्यांनी गडचिरोलीची निवड केली. तेथील ३९ गावांत त्यांनी घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याची पद्धत सिद्ध केली. नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यांचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यक नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि पुढे देशभरच्या आशा कार्यकर्तींच्या कामात त्या पद्धतीचा समावेश झाला. संशोधनाची शिस्त त्यांनी परदेशातून आणली. संशोधनाचे प्रश्न गडचिरोलीचे होते.

डॉ. जयंत नारळीकर १९७२ मध्ये केंब्रिजहून परतले, ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. १९८८ मध्ये पुण्यात आयुका ही संस्था त्यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झाली. देशातील विद्यापीठांत शिकविणाऱ्या अध्यापकांना खगोलशास्त्राच्या उत्तम सोयी मिळाव्यात, हा तिचा हेतू. एक माणूस परत येतो आणि आपल्यामागून येणाऱ्या अनेकांसाठी जागा करून ठेवतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

आजचा हिशेब

आता आजच्या तरुणापुढील हिशेब पाहू. समजा, त्याने ४० लाखांचे कर्ज ११ टक्के व्याजाने घेतले आणि ते १० वर्षांत फेडावयाचे आहे. शिक्षणकाळातील व्याज बाजूला ठेवले, तरी दरमहा सुमारे ५५ हजार रुपयांचा हप्ता पडतो. सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचे आरंभीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये ठरले. आणि तेही कायम जागा मिळाली तर. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्याच्या हाती यापेक्षा पुष्कळच कमी पडते. म्हणजे परतावे की नाही, हा निर्णय पदवीनंतर होतो, असे आपण समजतो; वस्तुतः कर्जाच्या कागदावर सही होते, त्याच दिवशी तो बहुतांशी होऊन गेलेला असतो.

दुसरीकडे, परदेशी राहणेही पूर्वीइतके सुकर राहिलेले नाही. अमेरिकेत शिक्षणानंतर १२ महिने, व विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांना आणखी २४ महिने, काम करण्याची मुभा देण्यात आली. त्यानंतर लागणाऱ्या नोकरीच्या परवान्यांची वार्षिक मर्यादा ८५ हजारांची असून निवड सोडतीने होत आली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या देशाबाहेरून बोलवावयाच्या नव्या कर्मचाऱ्यांच्या अर्जांवर १ लाख डॉलर शुल्क लावण्याची घोषणा झाली. गुणवत्ता असूनही सोडतीत नाव न निघाल्यामुळे काहींना परतावे लागते. अशा मुलाकडे गाव ‘तिकडे जमले नाही, म्हणून आला’ या नजरेने पाहते. सभाजनहो, हे बोल फार लागतात. नाइलाजाने आलेल्या कुरियनांना आणंदने अपयशी ठरविले असते, तर नुकसान कोणाचे झाले असते?

मुलींच्या बाबतीत आणखी एक अडसर आहे. शिकून आलेल्या मुलीने काय करावे, याचा निर्णय पुष्कळदा तिच्या हाती राहत नाही. तिने तेथे सिद्ध केलेली पात्रता येथे विवाहाच्या बोलणीत एक ओळ बनून राहते. तिच्या परतण्याला अर्थ यावयाचा असेल, तर आधी घराने तिचे काम मान्य केले पाहिजे.

जे परत येत नाहीत, त्यांना दूषण देण्याचे मला कारण दिसत नाही. काही शास्त्रांना लागणारी साधने मोजक्याच ठिकाणी असतात. काहींवर कुटुंबाचे ओझे असते. अशांनी सुट्टीत येऊन आपल्या जुन्या शाळेत चार तास शिकविले, एखाद्या विद्यार्थ्याच्या अर्जाला दिशा दाखविली, तरी नाते टिकते. सार्वजनिक पैशांतून शिकलेल्याने मात्र आपण घेतलेले परत कोणत्या रूपाने देणार, हा प्रश्न स्वतःला विचारावा. त्याचे उत्तर प्रत्येकाचे निराळे असू शकेल. प्रश्न टाळता येणार नाही.

आपल्या हाती काय आहे

अखेरीस, आपणा तिघांच्या हाती काय आहे, ते सांगतो.

शिक्षकांनी विद्यार्थी जाण्यापूर्वीच त्याच्याशी बोलावे. ज्या संस्थेत तो निघाला आहे, तिची पदवी येथे मान्य होते काय, तो व्यवसाय येथे करावयाचा तर कोणती परीक्षा द्यावी लागेल, कर्ज किती झेपेल, हे पालकांना समजावून द्यावे. दलालाच्या शब्दावर शेत गहाण पडू नये, एवढे जरी साधले, तरी त्या तरुणाला पुढे निवड करण्याचे स्वातंत्र्य राहील.

अधिकाऱ्यांनी परतणाऱ्याच्या कागदाला वेळेचे बंधन घालावे. परदेशी पदव्यांच्या समकक्षतेसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये नवे विनियम केले. परंतु नियम कितीही चांगला असला, तरी टेबलावर पडून राहिलेला कागद त्याचा उद्देश हाणून पाडतो. उत्साहाने आलेला तरुण सहा महिने खेटे घालून परत विमानात बसला, तर त्याचा दोष त्याच्या देशप्रेमावर ढकलता येणार नाही. रिकाम्या जागा वेळेवर भरणे, हाही याच कामाचा भाग आहे.

पंचायत सदस्यांनी आपल्या गावातून शिकावयास बाहेर गेलेल्या मुलामुलींची यादी ठेवावी. दिवाळीत किंवा गावच्या यात्रेला ती घरी आली, की सत्काराच्या नारळ-शालीबरोबर गावाची एखादी नेमकी अडचणही त्यांच्यापुढे ठेवावी. विहिरींच्या पाण्यात क्षार का वाढत आहेत, दूध शीतकरणाचा खर्च कमी कसा होईल, आरोग्य उपकेंद्राच्या नोंदी नीट कशा राहतील, असे प्रश्न विचारावेत आणि उत्तर मिळाल्यास ते अमलात आणण्याची तयारी ठेवावी. सल्ला मागून तो कपाटात ठेवण्याइतका दुसरा अपमान नाही.

परत येणे हा एका दिवसाचा प्रवास नसतो. विमान उतरल्यावर तो सुरू होतो आणि पुढची दोन-चार वर्षे चालतो. त्या काळात माणसाला पगाराइतकीच गरज असते ती आपले ज्ञान कोणाला तरी हवे आहे, या विश्वासाची. तो विश्वास देणे आपल्या शक्तीबाहेरचे नाही. पुढच्या वेळी गावात कोणी विचारले, की इकडे काय ठेवले आहे, तर त्याला दाखविता येईल असे एक तरी काम आपापल्या ठिकाणी तयार असावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.