पावसात उभा राहिलेला चॅम्पियन

भोकरहून पुन्हा एकदा तुमच्या कानात. आजचा विषय आहे गोल्फचे जुने खेळाडू. हसू नका! मला माहितीये, आपल्याकडं कापूस-सोयाबीन सोडून हिरवं मैदान म्हणजे क्रिकेटचं, तेही पाऊस झाला तरच हिरवं. मीसुद्धा गोल्फची काठी कधी हातात धरलेली नाही.

पण यूट्यूबवर 'गोल्फचे दिग्गज' टाकून बघा. तीच नावं येतात. जॅक निकलस, अर्नोल्ड पामर, गॅरी प्लेअर. निकलसनं 18 मेजर स्पर्धा जिंकल्या, त्याच्या मोठेपणाबद्दल वादच नाही. आज मात्र मला बोलायचंय अशा माणसाबद्दल, ज्यानं गॅरी प्लेअरला त्याच्याच देशात मागं टाकलं.

सेवसुंकर सेवगोलम. सगळे त्याला पापवा म्हणायचे. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचा, भारतीय वंशाचा. शाळा नशिबात नव्हती. पोरवयातच तो कॅडी झाला. कॅडी म्हणजे खेळणाऱ्याची काठ्यांची बॅग उचलून मागं-मागं चालणारा. खेळ तो बघून बघून शिकला, कोच वगैरे भानगड नाही. त्यामुळं काठी धरायची पद्धतच उलटी! उजव्या हाताचा खेळाडू डावा हात वर आणि उजवा खाली धरतो. पापवाचा डावा खाली. पुस्तकाप्रमाणं हे साफ चूक. आणि ह्याच उलट्या हातांनी त्यानं युरोपात जाऊन डच ओपन जिंकली. एकदा नाही, 1959, 1960 आणि 1964, तीनदा.

आता 1963. डर्बन कंट्री क्लब, नाताल ओपन. (नाताल हे तिथल्या प्रांताचं नाव, आपला नाताळ सण नव्हे.) वर्णभेदाचा काळ. गोऱ्यांच्या स्पर्धेत पापवाला खेळू दिलं आणि तो जिंकला! पण क्लबच्या इमारतीत गोऱ्यांशिवाय कुणाला प्रवेश नाही. बाहेर पाऊस. हरलेले खेळाडू आत, कोरडे. जिंकलेला बाहेर भिजत उभा, आणि ट्रॉफी त्याला तिथंच पावसात दिली. तो फोटो जगभर छापला गेला. दक्षिण आफ्रिकेवर खेळात बहिष्कार टाका, ह्या मागणीला त्यानं जोर आला.

1965 ला त्यानं तीच स्पर्धा पुन्हा जिंकली, ह्या वेळी गॅरी प्लेअरला मागं टाकून. मग सरकारनं त्याचं गोऱ्यांच्या स्पर्धांत खेळणंच बंद केलं, पासपोर्टही अडवला. 1978 मध्ये तो गेला, गरिबीतच. आज डर्बनमध्ये त्याच्या नावाचं गोल्फचं मैदान आहे.

तुम्ही म्हणाल, ते तिकडं, गोऱ्यांच्या राज्यात. थांबा. पुण्यात काय होतं बघा. पापवाच्या कितीतरी आधी, इंग्रजांच्या क्लबात एक दलित पोरगा मैदानाचं काम करायचा आणि साहेबांना सरावासाठी तासन्‌तास बॉलिंग टाकायचा. बॅट मात्र त्याच्या हातात कुणी दिली नाही. तो पळवणकर बाळू. पुढं हिंदू संघाकडून खेळला, तर त्याचा चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. इथं दार अडवणारे इंग्रज नव्हते, आपलेच होते. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात ह्या माणसानं 114 विकेट घेतल्या. कप्तानपद त्याला कधीच मिळालं नाही. ते 1923 मध्ये त्याचा धाकटा भाऊ विठ्ठलला मिळालं.

आणि आपल्या देशातला गोल्फ? इंडियन ओपन 1964 ला सुरू झाली. भारतीय व्यावसायिक खेळाडूनं ती पहिल्यांदा जिंकली थेट 1991 मध्ये. तो होता अली शेर, दिल्ली गोल्फ क्लबचाच जुना कॅडी. 1993 ला परत जिंकला. किती जणांनी हे नाव ऐकलंय? मी तरी मागच्या वर्षापर्यंत ऐकलं नव्हतं.

पुण्यात येरवड्याला गोल्फ क्लब आहे. आपल्यातले बरेच जण त्याच भागात नोकरीला आहेत, कंपनीच्या बसमधून रोज जातात. भिंतीपलीकडं बॅग उचलणारे दिसले तर नीट बघा.

आणि एक काम. नांदेड-लातूरकडं कुस्ती, कबड्डी, व्हॉलीबॉल गाजवलेलं तुमच्या गावचं कुणी म्हातारं माणूस असेल, ज्याचा एकही व्हिडिओ नाही, तर त्याच्याजवळ बसा, मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा आणि आम्हाला पाठवा. अर्थात, आधी त्याला विचारून. पुढचा भाग त्यावरच करू.