गोफण, तारू आणि सागरगोटे
(पालकांसाठी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कोरमंगला भागातील मराठी मूल दिवसभरात जसे तीन-चार भाषांतून वावरते, तसेच ते तीन-चार कथाविश्वांतूनही वावरते. आजीकडून त्याला ध्रुव आणि बाळकृष्ण मिळतात. दिवाळीच्या मातीच्या किल्ल्यावर ते मावळे मांडते. विवेकनगरच्या बाळ येशूच्या चर्चपुढे गुरुवारी लोटणारी सर्व धर्मांची गर्दी ते येता-जाता पाहते, आणि डिसेंबरात शेजारच्या घरी मांडलेला गोठा पाहून ‘बाळाला गव्हाणीत का निजवले?’ असे सरळ विचारते. मोठी माणसे येथे बिचकतात. हिंदू पालकाच्या मनात शंका येते की, हे आडवाटेने धर्मशिक्षण तर नव्हे? ख्रिस्ती पालकाला वाटते की, पवित्र गोष्टीचा खेळ केला तर तिचे गांभीर्य उरेल काय? दोन्ही शंका रास्त आहेत आणि दोन्ही मराठी मुलुखाला जुन्या परिचयाच्या आहेत.

बायबलची कथा मराठीत आली तीच मुळी पुराणाचा वेष घेऊन. इंग्लंडात जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले आणि १६१६ साली त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे सुटली होती. त्यांच्या कानाला ओवीची सवय होती आणि ती ओळखूनच हा ग्रंथ रचला गेला. ज्याच्या कानाला जे वळण आहे त्या वळणाने कथा सांगावी, ही दृष्टी त्यात स्पष्ट दिसते. लहान मुलाच्या बाबतीत हे वळण कानापेक्षा हातापायांचे असते, एवढाच फरक.

हातापायांची ही वाट मराठी शिक्षणात आणणाऱ्यांत पंडिता रमाबाईंचे नाव घ्यावे लागते. त्यांचा जन्म १८५८ साली आजच्या कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे. गावोगाव पुराणे सांगत हिंडणाऱ्या या कुटुंबात रमाबाई वाढल्या, म्हणजे कथा हेच त्यांच्या घराचे अन्न होते. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८६ साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या आणि फिलाडेल्फियात राहून त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले. एवढी मोठी विदुषी लोकरीचे रंगीत चेंडू आणि लाकडी ठोकळे घेऊन विद्यार्थिनी म्हणून बसली, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात फार कमी वेळा सांगितली जाते. फ्रोबेलच्या तिसऱ्या ‘देणगी’त एक घन असतो आणि त्याचे आठ लहान घन होतात. त्यांतून घर होते, पायरी होते, भिंत होते. मोडले की पुन्हा रचता येते.

याच आठ ठोकळ्यांनी यरीहोचा तट उभा करता येतो. सहा दिवस रोज एक फेरी, सातव्या दिवशी सात फेऱ्या, मग रणशिंगे आणि मोठा जयघोष. मूल हे सात दिवस वाट पाहते, आणि त्या वाट पाहण्यातच कथा आहे. तट पडल्यावर नगराचे जे झाले ते मात्र बालवर्गात सांगण्याजोगे नाही. खेळ तट पडण्यापाशी थांबवावा.

मराठी बायबलची भाषा या खेळांना आयतीच साहाय्य करते. नोहाचे तारू तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद आणि तीस हात उंच होते. ‘हात’ हे माप मराठी मुलाच्या अंगावरच आहे. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत मोजत मैदानावर मुले ओळीने निघाली की तीनशे म्हणजे किती, हे फळ्यावर लिहून कळणार नाही इतके कळते. मग वाद होतोच की हात कोणाचा धरायचा, बाईंचा की बाळूचा? मोठ्या माणसाच्या हाताने तारू साधारण साडेचारशे फुटांचे भरेल, बाळूच्या हाताने बरेच आखूड. हा वाद मिटवण्याची घाई करू नये. पुढे प्राण्यांच्या जोड्या येतात (शुद्ध पशूंच्या सात जोड्यांचा तपशील या वयात गाळला तरी चालतो), पाऊस येतो आणि पाणी ओसरले का हे पाहण्यास नोहा आधी कावळा सोडतो, मग कबुतर. चिऊ-काऊच्या गोष्टीवर वाढलेल्या मुलाला हा कावळा विलक्षण आवडतो. कोरमंगलाच्या एस. टी. बेडसारख्या जुन्या तळ्याच्या जागेवर राहणाऱ्या मुलाला घरात पाणी शिरणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. अशा मुलाला पुराचा खेळ नकोसा वाटला तर त्याला कबुतराचे काम द्यावे.

दावीद मेंढपाळ होता आणि त्याच्या हाती गोफण होती. धनगराची गोफण ठाऊक असलेल्या आजोबांना शाळेत बोलवावे. गल्याथाची उंची सहा हात आणि एक वीत. ती खडूने भिंतीवर आखली की सबंध वर्ग मान वर करून पाहतो. दावीदाने ओढ्यातून पाच गुळगुळीत गोटे वेचले, आणि सागरगोट्यांचा डावही पाचांचाच असतो. गोफण मात्र वर्गात रिकामीच फिरवावी!

आता पहिल्या शंकेकडे वळू. रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि ते पुढे पुण्यास हलवले. धर्मशिक्षण देणार नाही असा त्यांचा शब्द होता. त्या स्वतः प्रार्थना करीत तेव्हा खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली तेथे जाऊन बसत. १८९३ साली यावरून वादळ उठले. रानडे, भांडारकर यांच्यासारखी सल्लागार मंडळी बाजूला झाली आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. मुलींना अडवणे रमाबाईंना अन्यायाचे वाटत होते, तर पालकांना विश्वासघाताची भीती होती. कोणा एकाला दोषी ठरवून हा प्रसंग मिटवता येत नाही. शिक्षकाने त्यातून एक व्यवहार उचलावा. आज राज्यघटनेच्या २८ व्या कलमानुसार सरकारमान्य वा अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीवाचून मुलाला धर्मशिक्षणास बसवता येत नाही. कथेचा खेळ हे धर्मशिक्षण नव्हे. तरीही कोणती कथा, कोणत्या दिवशी, कशी खेळली जाणार हे पालकांना आधी कळवावे आणि ज्यांना यावेसे वाटेल त्यांना वर्गात बसू द्यावे. खेळात प्रार्थना करून घेऊ नये. ‘हे खरेच घडले का?’ असे मुलाने विचारले तर ‘ख्रिस्ती लोक असे मानतात, घरी विचार’ एवढेच उत्तर प्रामाणिक आहे. ध्रुवाच्या कथेलाही हाच नियम लावावा, नाहीतर त्या प्रामाणिकपणाला अर्थ नाही.

दुसऱ्या शंकेला उत्तर इतिहासातच आहे. १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो गावी असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी खरा बैल आणि खरे गाढव आणून गोठा मांडला. तेव्हा हा खेळ संतांनीच मांडलेला आहे.

सगळ्याच कथा खेळण्याच्या नसतात, हेही तितकेच खरे. हरवलेल्या मेंढराचा लपंडाव होतो. दयाळू शोमरोन्याचे नाटक होते (त्यात लुटारू व्हायला सगळेच तयार असतात, जखमी पडून राहायला कोणी नाही, म्हणून भूमिका आळीपाळीने द्याव्यात). पण अब्राहामाने मुलाला वेदीवर नेले ती कथा, आणि वधस्तंभाची कथा, यांना ठोकळे-खडू काढू नयेत. वरच्या इयत्तेत, मुले पुरेशी मोठी झाल्यावर, सतरंजीवर जवळ बसवून त्या हलक्या आवाजात सांगाव्यात आणि नंतर वर्ग थोडा वेळ गप्प राहिला तर राहू द्यावा.