शब्दांची कुळे



आंब्याच्या दिवसांत इंग्रजी शब्दांच्या व्युत्पत्तीवर बोलणे म्हणजे आमरसाच्या पंगतीत कारल्याची भाजी वाढणे होय, हे मी जाणून आहे. पण या विषयाशी माझे एक जुने देणे आहे, ते आज फेडतो.

मी इंग्रजी चौथीत असताना फीमाफीचा अर्ज इंग्रजीत करावयाचा होता. वडिलांना इंग्रजी येत नव्हते. घरातला विद्वान मीच. ‘माझ्या वडिलांची स्थिती मध्यम आहे’ असे लिहावयाचे होते. कोश उघडला. ‘मध्यम’ या अर्थी ‘मीन’ हा शब्द सापडला आणि मी ठोकून दिले, ‘माय फादर इज अ मीन मॅन’. म्हणजे, माझे वडील हलकट गृहस्थ आहेत! कचेरीतल्या कारकुनाने ते वाक्य मोठ्याने वाचले, सारे हसले, आणि काय चालले आहे हे न कळल्यामुळे वडीलही त्यांच्याबरोबर हसले. ते हसणे मी अजून विसरलेलो नाही.

चूक कोणाची? कोशाची नव्हे. शब्द म्हणजे सुटे दाणे, एक उचलला काय नि दुसरा उचलला काय, ही माझी समजूत चुकीची होती. आजही मुले परीक्षेच्या आदल्या रात्री शंभर शब्द आणि त्यांचे शंभर प्रतिशब्द घोकतात आणि आठवड्याने ऐंशी विसरतात. शब्दांना कुळे असतात. एक माणूस ओळखीचा झाला की त्याचे भाऊबंद ओळखणे सोपे जाते.

आपल्याला ही विद्या नवी नाही. ‘हृ’ या एका धातूला उपसर्ग लावून आपण आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार करतो. लॅटिनमध्ये हाच कारखाना आहे. ‘पोर्टारे’ म्हणजे वाहणे. आत वाहून आणले ते इम्पोर्ट, बाहेर नेले ते एक्सपोर्ट, पलीकडे नेले ते ट्रान्सपोर्ट. बातमी परत वाहून आणली तो रिपोर्ट, खालून भार वाहिला तो सपोर्ट. स्टेशनवरचा पोर्टर तर आपल्या डोळ्यांसमोर ओझे वाहत असे. बंदर या अर्थाचा ‘पोर्ट’ मात्र ‘पोर्टुस’ या निराळ्या शब्दापासून आला. त्याचीही गंमत आहे. वारा बंदराच्या दिशेने वाहू लागला की रोमन खलाशी त्याला अनुकूल म्हणत. त्या शब्दापासून ‘अपॉर्च्युनिटी’ झाली. कोकणातल्या माणसाला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

तसाच ‘स्पेक’ म्हणजे पाहणे. आत डोकावून पाहतो तो इन्स्पेक्टर, पुन्हा वळून पाहावेसे वाटते तो रिस्पेक्ट, आणि खालून तिरके पाहणे म्हणजे सस्पेक्ट. या धातूचे आपल्या ‘पश्य’शी रक्ताचे नाते आहे. संस्कृतात हेराला ‘स्पश’ म्हणतात, तो याच घराण्यातला. सर विल्यम जोन्सने १७८६ साली कलकत्त्याच्या व्याख्यानात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा मूळपुरुष एक असावा असे सांगितले, ते उगाच नाही. दन्त, लॅटिन ‘डेन्ट’ आणि इंग्रजी ‘टूथ’. पाद, ‘पेड’ आणि ‘फुट’. दात आणि पाय आपल्या तोंडात असताना डेन्टिस्ट आणि पेडेस्ट्रियन घोकायचे कशाला?

आता समानार्थी शब्दांकडे येतो. इंग्रजीत एकेका गोष्टीला तीन तीन शब्द का? १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. धनी फ्रेंच बोलणारे, कुळे इंग्रजी बोलणारी. त्यामुळे गोठ्यातले जनावर इंग्रजीच राहिले, ‘शीप’, ‘पिग’. ताटात आल्यावर मात्र ते फ्रेंच झाले, ‘मटन’, ‘पोर्क’. स्कॉटने १८१९ च्या ‘आयव्हॅनहो’त एका विदूषकाच्या तोंडून हीच थट्टा केली आहे. पुढे पंडितांनी लॅटिनचा तिसरा थर चढवला. म्हणून ‘आस्क’ घरचे, ‘क्वेश्चन’ दरबारी, ‘इंटरॉगेट’ पोथीतले. आई आस्क करते, पोलीस इंटरॉगेट करतात. आपल्याकडेही विचारणे, सवाल आणि पृच्छा आहेतच. ‘जेवलास का, अशी आईने पृच्छा केली’ असे कोणी लिहिले तर आपण हसू. इंग्रज आपल्या इंग्रजीला नेमका तेथेच हसतो. अर्थ बरोबर असतो, थर चुकतो.

शिवाजीमहाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. इंग्लंडातही विल्यम बार्न्स या कवीने १८७८ साली ‘ग्रामर’ला ‘स्पीचक्राफ्ट’ म्हणावे असे सुचवले. कोणी ऐकले नाही. भाषेचे घर एकदा तीन मजली झाले की मजले उतरवता येत नाहीत.

मुळांवर आंधळा विश्वासही ठेवू नये. ‘इन’ हा उपसर्ग दुतोंडी आहे. ‘इन्व्हिजिबल’मध्ये तो ‘न’ म्हणतो, ‘इन्फ्लेमेबल’मध्ये ‘आत’ म्हणतो. टँकरच्या पाठीवर ‘हायली इन्फ्लेमेबल’ पाहून, हा न पेटणारा माल, असे समजून कोणी विडी शिलगावली तर व्युत्पत्तीचा वर्ग तेथेच संपला! याच भीतीने पुढे ‘फ्लेमेबल’ हा शब्द पुढे केला गेला. ‘पेड’ही दोन आहेत. लॅटिन ‘पेड’ म्हणजे पाय, पण पीडिअ‍ॅट्रिशनकडे पाय दाखवायला जाऊ नये. तेथला ग्रीक शब्द मुलांचा आहे.

म्हणून माझी रीत साधी आहे. नवा शब्द भेटला की कोशात अर्थाबरोबर त्याचे कूळ वाचावे. मग दोन भाऊबंद आणि दोन समानार्थी शब्द शोधून वहीत मांडावे. शेवटी तो शब्द ज्या वाक्यात भेटला ते अख्खे वाक्य उतरवून घ्यावे, कारण मजला वाक्यातच कळतो. डॉक्टर रॉजे यांचा १८५२ चा थिसॉरस म्हणजे इंग्रजीचा अमरकोश. पण अमरकोशातला शब्द उचलून कोणी बाजारात भाजी मागत नाही. थिसॉरसही तसाच, ओळखीचे शब्द आठवण्यासाठी. अनोळखी उचलण्यासाठी नव्हे. आज खिशातल्या फोनमध्ये क्षणात वीस प्रतिशब्द मिळतात, त्यामुळे माझ्यासारखी फजिती आता वीसपट सोपी झाली आहे.

त्या ‘मीन’चे काय? पुष्कळ वर्षांनी मोठ्या कोशात पाहिले. ‘मीन’ दोन आहेत. एक जर्मानिक कुळातला. त्याचा मूळ अर्थ सर्वसामान्य, तो घसरत हलकट झाला. दुसरा लॅटिन ‘मेडिआनुस’पासून फ्रेंचमार्गे आलेला; तो आपल्या ‘मध्य’चा भाऊ. मला मध्यम हवा होता, पण माणसापुढे बसताच तो शब्द दुसऱ्या कुळात गेला. साधन या अर्थाचा ‘मीन्स’ याच मध्यवाल्या घराण्यातला. त्या दिवशी आमच्या मास्तरांनी अर्ज हातात घेऊन, न हसता, लाल शाईने एवढीच दुरुस्ती केली होती, ‘अ मॅन ऑफ स्मॉल मीन्स’. अर्धी फी माफ झाली.