रोजचे चाळीस रुपये

सुरतजवळचं चलथाण हे उधना-जळगाव रेल्वेमार्गावरचं स्टेशन. इथल्या पट्ट्यात कापडाच्या कारखान्यांत खानदेशातली पुष्कळ माणसं राबतात. पाळी सुटली की चहा, मग मावा, एखादी पुडी. रोजचे 40 रुपये कुणाला जाणवतात? महिन्याचे मात्र 1,200 होतात.

चहा राहू द्या, तो हक्काचा आहे! निम्मे, म्हणजे 600 रुपये, पोस्टाच्या आवर्ती ठेवीत घाला. 2024 साली तिचा व्याजदर 6.7 टक्के होता. त्या हिशेबाने 5 वर्षांत भरलेल्या 36,000 चे सुमारे 42,800 होतात. हप्ता पगार होताच भरावा, विसाव्या तारखेला खिशात सुट्टे पैसेच उरतात. 12 हप्ते भरून वर्ष झालं, की जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्जही मिळतं. गावी लग्न निघालं, तर सावकाराची पायरी चढायला नको.